मोबाइलवर तासभर बसतो, तरी एडीएचडी असू शकतो

"गेम खेळताना मान वर करत नाही, मग एडीएचडी कसला? नुसता आळस!" नाशिकमध्ये पंचवटीपासून सिडकोपर्यंत घरोघरी मुलांबद्दल हे ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाणं किंवा अतिचंचलता असणं, हा आळस नव्हे. गेममध्ये क्षणाक्षणाला काहीतरी मिळतं, म्हणून लक्ष आपोआप टिकतं. खरी अडचण कंटाळवाण्या कामात येते. गणित येत असतं, पण अधिक-वजाचं चिन्ह न बघताच उत्तर लिहिलं जातं; डबा शाळेतच राहतो.

याचं निदान रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने होत नाही. त्यावर पैसे घालवू नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान, डोळे, झोप तपासून घ्या, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. निदानासाठी दुर्लक्षाच्या ९ किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी किमान ६ लागतात (१७ वर्षांपासून पुढे ५). ती ६ महिने टिकलेली, १२ व्या वर्षाआधी सुरू झालेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्रास देणारी हवीत.

गाडी अडते ती इथेच, कारण पालक फक्त घरचं सांगतात. वर्गशिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्या, वह्या सोबत न्या. मोठ्या वयात तपासणी करून घेणाऱ्यांनी प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं शोधावीत; "हुशार आहे, पण लक्ष नाही" असा जुना शेरा तज्ज्ञांच्या फार उपयोगी पडतो.