खिळाछाप कुराण आणि शिळाछाप कुराण: फरक कुठे बघायचा

एकोणिसाव्या शतकातले मुंबई-लखनौचे कुराण आणि त्याच काळातले रशियातल्या कझानचे कुराण शेजारी ठेवले, तर दोन्हींवर 'छापील' हीच चिठ्ठी लागते. त्यातले कझानचे शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे जुळवलेल्या सुट्या अक्षरांवर छापलेले आहे, मुंबईचे दगडावर, म्हणजे शिळाछाप. शिळाछापाची प्रत तर पुष्कळदा हस्तलिखित म्हणूनही खपून जाते.

खिळ्यांची पद्धत आधीची. व्हेनिसमध्ये पागानिनो आणि अलेस्सांद्रो पागानिनी या पितापुत्रांनी 1537-38 मध्ये संपूर्ण अरबी कुराण छापले. सगळ्या प्रती पोपच्या हुकमाने जाळल्या अशी दंतकथा साडेचारशे वर्षे चालली. 1987 मध्ये अँजेला नुओव्हो यांना व्हेनिसच्याच फ्रान्सिस्कन मठाच्या ग्रंथालयात एक प्रत सापडली. ती पाहिल्यावर हे पुस्तक मुस्लिम वाचकांपुढे का टिकले नसते हे लगेच कळते: दाल आणि झाल या अक्षरांतला फरक दाखवणारा नुक्ताच (ठिपकाच) नाही, आणि जेर, जबर, पेश (इ, अ, उ) या स्वरचिन्हांच्या जागी जवळपास सगळीकडे जबरच बसवलेला. पाठांतराने कुराण येणाऱ्या हाफिजाला पहिल्या पानावरच चूक दिसली असती.

त्यानंतरची युरोपीय कुराणे, म्हणजे हिंकेलमान यांचे हाम्बुर्गचे (1694) आणि मराच्ची यांचे पादुआचे (1698), विद्वानांसाठी आणि वादविवादासाठी होती. मराच्चींच्या प्रतीत तर लॅटिन भाषांतराबरोबर खंडनही आहे. मुस्लिमांच्या हातून, मुस्लिमांसाठी खिळ्यांवर छापलेले कुराण निघाले ते 1787 मध्ये, सेंट पीटर्सबर्गला. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या सरकारने खर्च केला आणि मजकूर मुल्ला उस्मान इस्माईल यांनी पाहिला. पुढे तेच काम कझानला गेले. म्हणून 'मुसलमानांनी खिळे नाकारले' हे सरसकट विधान मला पटत नाही. इस्तंबूलचे छापखानदार इब्राहिम मुतेफेर्रिका यांना 1727 मध्ये मिळालेल्या छपाईच्या परवान्यात धार्मिक ग्रंथ वगळलेले होते हे खरे, पण चुकीचा, ओबडधोबड छापलेला पाठ नको हे कारणही तितकेच वजनदार होते.

ओबडधोबडपणा येतो कुठून ते जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या पेटीत बघावे. अरबीच्या 28 अक्षरांपैकी 22 अक्षरांना शब्दातल्या जागेप्रमाणे चार रूपे, उरलेली 6 डावीकडे जुळत नाहीत म्हणून त्यांना दोन. नुसती ही 100 रूपे झाली. त्यावर लाम-अलिफसारखी जोडाक्षरे. कुराणात स्वरचिन्हे गाळता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या वर आणि खाली बारीक खिळ्यांची आणखी एकेक ओळ बसवायची, मधे कोऱ्या पट्ट्या भरून. मात्रा-वेलांट्या जुळवलेल्या मराठी जुळाऱ्याला ही कटकट ओळखीची वाटेल. फर्मा (आवळून बांधलेले जुळवलेले पान) थोडा सैल राहिला की बारीक खिळा सरकतो आणि जबर शेजारच्या अक्षरावर जातो. अक्षरांच्या सांध्यात केसाएवढी पांढरी फट राहते, आणि खिळे झिजले की ती रुंदावते.

दगडाने हे सगळे एका फटक्यात सोडवले. आलोइस झेनेफेल्डर यांनी 1790 च्या दशकात बव्हेरियात शोधलेल्या या पद्धतीत कातिब (सुलेखनिक) नेहमीसारखा उजवीकडून डावीकडे, पिठाची खळ दिलेल्या कागदावर तेलकट शाईने लिहितो. चुनखडीची लादी वाळूपाण्याने घासून सपाट करतात, कागद उलटा ठेवून दाबतात आणि लिखाण दगडावर उलटे उतरते. मग डिंकाच्या पाण्यात थोडे नत्राम्ल मिसळून लादीवर फिरवतात. त्यापुढे दर प्रतीला तोच क्रम: ओले फडके, शाईचा रूळ, कागद, दाब. पाणी कोऱ्या भागावर राहते, शाई फक्त तेलकट रेघेला धरते.

बिघडण्याच्या जागाही ठरलेल्या. आम्ल जास्त झाले तर आधी नुक्ते खाल्ले जातात, आणि नुक्ता गेला की ब चा दुसराच काही होतो. आम्ल कमी पडले तर रेघा फुगतात, मीम आणि वाव या अक्षरांची पोटे बुजतात. लादी सुकली तर कोऱ्या जागी काळपट थर चढतो. दुरुस्ती करायची तर दगड खरवडून उलट्या अक्षरांत लिहावे लागते, म्हणून बदललेला शब्द बहुधा आजूबाजूच्या हातापेक्षा अवघडलेला दिसतो.

फायदा मात्र मोठा होता. कातिबाचा हात जसाच्या तसा राहतो, ओळींच्या मधे नस्तालीक या तिरक्या लिपीशैलीत फार्सी-उर्दू भाषांतर आणि समासात तिरकी टिपणे येतात. खिळ्यांना यातले फारसे काही जमत नव्हते. इराणात 1830 च्या दशकात आणि हिंदुस्थानात त्याच सुमारापासून शिळाछाप कुराणे निघू लागली. लखनौचा नवल किशोर छापखाना 1858 चा. मुंबईत छापलेली पुस्तके जहाजांनी इराण, आखात आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जात. याच शहरात गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले होते, आणि चरबीच्या शाईला सोवळ्याचा आक्षेप म्हणून तुपाची शाई वापरली. धर्मग्रंथ छापताना शाई कशाची, हा प्रश्न फक्त मुसलमानांनाच पडला नव्हता.

ओळखायचे असेल तर पान उलटून बोट फिरवा. खिळ्यांचा ठसा मागे उठलेला लागतो; शिळाछापाचे पान सपाट असते. मग दहापट भिंगाखाली एकाच पानावरचे पाच-सहा 'नून' (न चे अक्षर) शोधा. खिळ्यांत ते एकाच साच्यातले, शिळाछापात दर वेळी थोडे वेगळे. हस्तलिखितात कलम बुडवल्यावर शाई गडद आणि पुढे फिकट होते, आणि दोन रेघा जिथे एकमेकींवरून जातात तिथे काळेपणा वाढतो. शिळाछापात काळा सगळीकडे सारखा. सोनेरी वेलबुट्टीवर विसंबू नका, ती छपाईनंतर हाताने रंगवलेली असू शकते.

दोन प्रती या कसोट्यांनाही चकवतात. इस्तंबूलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाफिज उस्मान यांच्या हस्तलिखिताची छायाचित्रावरून शिळाछपाई झाली; ते सुलेखनकार 1698 मध्ये वारले, त्यामुळे शेवटच्या पानावरची लेखनाची तारीख छपाईची समजू नये. आणि 1924 चे कैरोचे कुराण: बुलाकच्या सरकारी छापखान्यात खिळे जुळवले, पण प्रती गिझाच्या भूमापन खात्यात छायाचित्रावरून केलेल्या पत्र्यांवर काढल्या. अक्षरे साच्यातली, तरी पानाची मागची बाजू गुळगुळीत.