खाटा वाढवायच्यात? आधी ३० जूनची पोच शोधा

पंधरा खाटांचं रुग्णालय तीस खाटांचं करायचं ठरलं की डॉक्टर मंडळी नकाशा, फायरचा दाखला, वाढीव नर्सची नोंदणीपत्रं यांच्या मागे लागतात. ही कागदपत्रं वेळ खातात, पण मिळतात. फाइल अडते ती गेल्या वर्षीच्या कचऱ्याच्या हिशेबावर.

शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालच्या तुमच्या नोंदणीत खाटांचा आकडा असतो. तो बदलून घ्यायला शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागात आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावं लागतं. तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं बीएमडब्ल्यू ऑथरायझेशन, म्हणजे जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, मागतात. 'आमचं अजून दोन वर्षं चालू आहे' असं सांगून उपयोग नाही, कारण ते पंधरा खाटांचं आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचऱ्याचं प्रमाण किंवा हाताळणी बदलणार असेल तर मंडळाला कळवून फॉर्म २ नव्याने भरावा लागतो. ही फाइल उघडली की जुने वार्षिक अहवाल, म्हणजे फॉर्म ४, तपासले जातात.

हा अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यायचा असतो आणि त्यात आकडे मागच्या जानेवारी ते डिसेंबरचे लागतात. आपली सगळी डोकी मार्चएंडला जुंपलेली, त्यामुळे निम्मे लोक एप्रिल ते मार्चची बेरीज करून मोकळे होतात. मग पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या वर्गातली किलोंची बेरीज कचरा नेणाऱ्या केंद्राच्या आकड्यांशी जुळत नाही आणि त्रुटीपत्र येतं. त्या पत्रात वर्ष चुकलंय असं सरळ लिहायला काय हरकत असते कोण जाणे. 'माहितीत तफावत' एवढंच लिहितात. म्हणून भरण्याआधी केंद्राकडून वर्षभराचा महिनावार तपशील मागवा आणि स्वतःच्या रोजच्या नोंदवहीशी ताडून घ्या. सुई टोचल्याच्या घटनाही याच अहवालात येतात. तिथे सलग पाच वर्षं शून्य लिहिलेलं वाचून कोणालाही शंका येईल.

एखाद्या वर्षाचा अहवाल दिलाच नसेल तर आता द्या, सोबत उशिराची कबुली देणारं साधं पत्र जोडा आणि पोच घ्या. मागची तारीख टाकून कागद बनवू नका. कचऱ्याच्या पिशव्यांवरच्या बारकोडच्या नोंदींना तारखा असतात.

तीस हा आकडाही जपून निवडा. तीसपेक्षा कमी खाटा असतील तर कचऱ्यासाठी एक पात्र व्यक्ती नेमून भागतं. तीस झाल्या की समिती लागते, तिची सहा महिन्यांतून एकदा बैठक व्हायला हवी आणि इतिवृत्त वार्षिक अहवालासोबत द्यावं लागतं. अठ्ठावीस खाटांवर काम होत असेल तर दोन खाटांसाठी हे ओढवून घ्यायचं का, याचा विचार करा.

विस्तारात नवं सोनोग्राफी मशीन येणार असेल तर पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालचं, प्रमाणपत्रही नव्याने घ्यावं लागतं आणि बदलाच्या किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं. मशीन आल्यावर कळवणारे इथेच फसतात. सोनोग्राफी केंद्राचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत गेलेला असायला हवा. एकही तपासणी झाली नसेल त्या महिन्याचा निरंक अहवालही पाठवून पोच ठेवा. गर्भवतीच्या तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म अर्धवट राहिला तर त्याला 'कारकुनी चूक' म्हणायची सोय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बंद केली आहे.

बाकी शुल्क, फोटो, शपथपत्र नेहमीचंच. कचऱ्याच्या नोंदी मात्र पाच वर्षांच्या जपाव्या लागतात, त्या रद्दीत घालू नका.