‘रजिस्टर्ड’ म्हणजे नेमकं कुठे? छोट्या धंद्याच्या कायदेशीर रूपाची पार्श्वभूमी

धंदा एकट्याच्या नावावर ठेवायचा, भागीदारी करायची, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढायची की थेट प्रायव्हेट लिमिटेड, हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येणारे बरेच जण पहिल्याच वाक्यात सांगतात, “तशी आमची फर्म रजिस्टर्ड आहे.” कुठे, असं विचारलं की कुणी गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, पुढे करतो, कुणी लघुउद्योगाच्या नोंदीचं ‘उद्यम’ प्रमाणपत्र, कुणी जीएसटी नंबर. भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडचा (रजिस्ट्रारकडचा) कागद त्या फायलीत क्वचितच सापडतो. यात दोष त्यांचा कमी आणि ‘रजिस्टर’ या शब्दाचा जास्त.

पेढ्यांच्या काळात सरकत, म्हणजे भागीदारी, तोंडी ठरायची, फार तर वहीत चार ओळी. पाटीवर ‘आणि मंडळी’ किंवा ‘अँड कंपनी’ असलं, तरी कायद्याच्या अर्थाने ती कंपनी असेलच असं नव्हतं. आजही नाही. १८७२ च्या करार कायद्यात भागीदारीला एक प्रकरण मिळालं. १९३२ मध्ये ते बाजूला काढून स्वतंत्र कायदा झाला आणि तिथेच मेख मारली गेली. नोंदणीची सक्ती केली तर लहान, हंगामी धंदे हैराण होतील म्हणून ती ऐच्छिक ठेवली. पण कलम ६९ सांगतं की नोंद नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येणार नाही. बाहेरच्याला मात्र फर्मवर लावता येतो. सूट आहे ती १०० रुपयांपर्यंतच्या दाव्याला. केंद्राच्या कायद्यात तो आकडा अजून तसाच आहे. शंभर रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो!

त्यात प्राप्तिकर खात्याचीही एक ‘रजिस्टर्ड फर्म’ होती. ती नोंद प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे व्हायची. तिच्यामुळे नफा भागीदारांत वाटून ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरला जाई आणि कराचा बोजा हलका होई. निबंधकाशी तिचा काही संबंध नव्हता. १९९३-९४ या आकारणी वर्षापासून ती पद्धत गेली. कर फर्मवर बसू लागला आणि भागीदाराच्या हातात आलेला नफा करमुक्त झाला. पद्धत गेली, शब्द राहिला. “वडिलांनी त्या वेळी रजिस्टर करून ठेवली होती,” असं ऐकलं की मी अजूनही विचारतो, कर भरायला की दावा लावायला?

जॉबवर्क करणाऱ्या दोन साडूंची फाईल आठवते. स्टँप पेपरवर करारपत्र, नोटरीचा गोल शिक्का, पॅनकार्ड, सगळं नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. बिल अडकलं, दावा लावला, तर समोरच्या वकिलाच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, पहिलाच मुद्दा कलम ६९ चा. मग धावत जाऊन नोंदणी केली, पण दावा दाखल झाल्यावर केलेली नोंदणी त्या दाव्याला वाचवत नाही. दावा लावायच्या मुदतीची तीन वर्षं उलटली नसतील तरच नव्याने दावा. यांचे चार महिने शिल्लक होते, म्हणून निभावलं.

महाराष्ट्राने १९८४ मध्ये याच कलमाला जी दुरुस्ती केली, ती मला आजही खटकते. मूळ कायद्यात एक दार उघडं होतं: फर्म नोंदलेली नसली तरी भागीदार विसर्जन मागू शकत होता, विसर्जित फर्मचा हिशेब आणि आपला वाटा मागू शकत होता. राज्याने २अ हे पोटकलम घालून तेही बंद केलं. सहा महिन्यांपर्यंतच्या किंवा २,००० रुपयांपर्यंत भांडवलाच्या फर्मला तेवढी सूट. लोकांनी नोंदणी करावी म्हणून हा बडगा, असं समर्थन होतं, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण बडगा बसला कुणाला? गल्ल्याची किल्ली ज्याच्या हातात, तो निवांत. ज्याने पैसे घातले आणि ज्याला बाहेर काढलं, त्याला कोर्टाचं दार बंद. पाव शतक हे चाललं. मार्च २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम घटनाबाह्य ठरवलं. माणसाची मालमत्ता भरपाईविना हिरावली जाते, हे त्यामागचं एक कारण.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला एलएलपीचा कायदा अमलात आला. इथे नोंद नसलेली एलएलपी असूच शकत नाही. नोंद हाच तिचा जन्म. भागीदाराचं घरदारही सहसा धोक्याबाहेर. म्हणून दोघा-तिघांच्या कितीतरी धंद्यांनी उडी मारली, आणि उलाढाल असो-नसो, दरवर्षीचे दोन फॉर्म विसरली. २०२२ पर्यंत उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये पडत. धंद्यापेक्षा दंड मोठा झालेल्या एलएलपी मी पाहिल्या आहेत. लहान एलएलपींसाठी हा भार २०२२ पासून कमी झाला.

एकट्या माणसाची कंपनी २०१३ च्या कंपनी कायद्यातून आली. भांडवल ५० लाखांवर किंवा उलाढाल २ कोटींवर गेली की रूप बदलण्याची सक्ती होती, ती एप्रिल २०२१ पासून उठली. तिची जाहिरात फार होते, पण बँक कर्ज देताना मालकाची वैयक्तिक हमी घेतेच. मग मर्यादित जबाबदारी उरते ती पुरवठादारांपुरती.

आणि ज्या गुमास्त्यापासून सुरुवात होते, तोही बदलला. डिसेंबर २०१७ पासून राज्यात थोडेच कामगार असलेल्या दुकानाने फक्त सूचना द्यायची, बदल्यात पोच मिळते. ती पोच लॅमिनेट होऊन गल्ल्यामागे लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लागते, आणि विचारलं की मालक मान वळवून तिच्याकडेच बोट दाखवतो.