पंखा हळू फिरतोय? आधी कपॅसिटर बघा

उन्हाळा लागला की घराघरात एकच तक्रार, पंखा पाचवर ठेवला तरी वारा लागत नाही. मग कोणी म्हणतं व्होल्टेज कमी येतंय, कोणी म्हणतं वरून थोडं तेल सोडा, आणि माणूस बोलावला तर कधीकधी थेट "वाईंडिंग गेलंय, नवीनच घ्या" असं ऐकायला मिळतं. चांगले चालणारे पंखे अशा सल्ल्यावर भंगारात जाताना बघितले की मला खरंच वाईट वाटतं. साधा जुना सीलिंग फॅन एकदम नाही, तर हळूहळू मंदावत गेला असेल तर बहुतेक वेळा कारण असतं त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे मोटरला जोडलेल्या, वीज साठवणाऱ्या छोट्या डबीत, आणि तो शंभर रुपयांच्या आत मिळतो.

आधी पंखा मुळात फिरतो कसा ते बघू. मोटरचा मधला भाग स्थिर असतो, त्यावर तारेची दोन वाईंडिंग असतात, एक रनिंग आणि एक स्टार्टिंग, आणि बाहेरचं कवच फिरतं ज्याला पाती लावलेली असतात. घरात येणारी वीज सिंगल फेज, म्हणजे करंटचं पुढेमागे सेकंदाला 50 वेळा चालू असतं. तो एकाच वाईंडिंगमधून गेला तर चुंबकक्षेत्रही एकाच रेषेत पुढेमागे होतं, फिरत नाही. जात्याचा खुंटा नुसता सरळ पुढेमागे ढकलला तर जातं फिरत नाही, योग्य वेळी आडवा रेटा द्यावाच लागतो, तसंच हे. तो आडवा रेटा स्टार्टिंग वाईंडिंग देतं, पण अट अशी की त्यातला करंट रनिंगच्या करंटपेक्षा साधारण पाव आवर्तन पुढे पाहिजे. दोन्ही करंट एकत्रच चढले-उतरले तर उपयोग शून्य.

तारेच्या वेटोळ्यात करंट नेहमी व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो आणि कपॅसिटरमध्ये तो पुढे धावतो, म्हणून स्टार्टिंग वाईंडिंगच्या वाटेत कपॅसिटर बसवला की हा वेळेचा फरक आपोआप तयार होतो आणि चुंबकक्षेत्र गोल फिरायला लागतं. इटलीत गॅलिलिओ फेरारिसने 1885 मध्ये असं फिरतं क्षेत्र करून दाखवलं, निकोला टेस्लाने स्वतंत्रपणे त्याच तत्त्वावर मोटर बनवली आणि 1888 मध्ये पेटंट घेतली. आपल्या डोक्यावर आज जे फिरतंय ते तेच.

आता जरा गणिताकडे. पुढेमागे होणारं एक क्षेत्र म्हणजे उलटसुलट दिशांनी फिरणाऱ्या दोन क्षेत्रांची बेरीज असते. कपॅसिटर धडधाकट असेल तर उलट फिरणारं क्षेत्र बऱ्यापैकी दबून राहतं, तो कमजोर झाला की ते डोकं वर काढतं आणि ब्रेक लावल्यासारखं काम करतं, मग मोटरचा जोर आणि पात्यांना लागणारा हवेचा विरोध यांचा मेळ कमी स्पीडला बसतो आणि पंखा तिथेच अडकून राहतो. कपॅसिटर पूर्णच गेला तर दोन्ही क्षेत्रं सारख्या ताकदीची होतात, त्यामुळे पंखा नुसता गुणगुणतो, पण काठीने ढकलला तर ज्या दिशेने ढकलाल त्या दिशेने सुरू होतो.

पण कपॅसिटर कमजोर होतो कसा? मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. त्या डबीत पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळलेली असते, जाडी काही मायक्रॉन, आणि त्यावर धातूचा थर इतका पातळ की नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो. एवढ्या लांब फिल्ममध्ये कुठेतरी बारीक दोष असणारच. विजेचा झटका आला की अशा कमजोर जागी भोक पडतं आणि ठिणगी उडते. साधा कपॅसिटर असता तर शॉर्ट होऊन संपला असता. इथे मात्र ठिणगीच्या उष्णतेने भोकाभोवतीचा धातूचा थर मायक्रोसेकंदांत वाफ होऊन उडून जातो, भोवती धातू नसलेलं कडं तयार होतं आणि शॉर्ट आपोआप सुटतो. पंखा चालूच राहतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे आपण स्टुलावर चढायच्या आधीच या वस्तूने स्वतःची दुरुस्ती कितीतरी वेळा करून झालेली असते! फक्त प्रत्येक वेळी धातूचं थोडं क्षेत्रफळ कमी होतं, आणि क्षेत्रफळ कमी म्हणजे क्षमता कमी. छताखालची उष्णता हे सगळं लवकर घडवते, आणि कोकणासारख्या दमट हवेत ओल आत शिरली तर धातूचा थर गंजतो तो वेगळाच. असं होत होत 2.5 मायक्रोफॅरडचा (हे क्षमतेचं माप) कपॅसिटर 1.5 वर येतो आणि आपण म्हणतो पंखा म्हातारा झाला.

बदलायच्या आधी थोडी तपासणी. स्विच बंद करून पातं हाताने फिरवा, अडकत असेल किंवा खरखरत असेल तर बेअरिंगचा दोष आहे, आणि तेव्हाही वरून तेल ओतू नका, ते वाईंडिंगवर जाऊन बसतं. फक्त संध्याकाळीच हळू होत असेल तर व्होल्टेज कमी असणार. पाचवर रेग्युलेटर पंख्याला सहसा थेट जोडतो, म्हणून पाचवरही हळू असेल तर रेग्युलेटरवर संशय कमी. पातं मोकळं फिरतंय आणि तरी वारा नाही, मग कपॅसिटर.

काम करताना नुसतं बटण नाही, मेन स्विच बंद करा, कारण जुन्या घरांत कधीकधी बटण न्यूट्रलवर असतं, म्हणजे ते बंद केलं तरी पंख्यापर्यंत वीज येतच राहते. कपॅसिटर बहुतेक वेळा मोटरच्या वर, दांड्यावरच्या प्लॅस्टिकच्या कपात असतो. वायर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण त्याच्या दोन वायरींना प्लस-मायनस नसलं तरी सप्लायची वायर भलत्या टोकाला गेली तर पंखा उलटा फिरतो. त्यात चार्ज राहिलेला असू शकतो, ऊर्जा फार नाही, साधारण 0.13 ज्यूल, पण त्या झटक्याने स्टुलावरून पडायला होऊ शकतं म्हणून दोन्ही टोकं इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने आधी जोडून घ्या. नवा घेताना जुन्यावरचा आकडा बघून तोच घ्या, 2.5 असेल तर 2.5, 3.15 असेल तर 3.15, आणि व्होल्टेज 440 लिहिलेलं. घरात 230 येत असले तरी त्याचं शिखर 325 च्या आसपास जातं आणि कपॅसिटरवर मेनपेक्षा जास्त व्होल्टेज पडतं. जास्त आकड्याचा लावला की जास्त वारा हा गैरसमज आहे, त्याने स्टार्टिंग वाईंडिंग तापतं.

याच कपॅसिटरचं नाव घेऊन ऑनलाईन "प्लगमध्ये लावा, वीजबिल अर्धं करा" अशा डब्या विकतात, त्यांचा मला राग येतो. आत बहुतेक एक कपॅसिटर आणि एक एलईडी निघतो. त्याने लाईनमधला मागेपुढे जाणारा निरुपयोगी करंट थोडा कमी होतही असेल, पण घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली युनिटं मोजतो, त्यामुळे बिलात काहीही कमी होत नाही. त्या पैशांत घरातल्या सगळ्या पंख्यांचे कपॅसिटर बदलून होतील.

नवा लावूनही पंखा मंदच राहिला तर मात्र वाईंडिंग तपासायला दुकानात न्या. आणि तुमचा पंखा रिमोटवाला बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) असेल तर ही सगळी चर्चा त्याला लागू नाही, त्यात फिरतं क्षेत्र इलेक्ट्रॉनिक सर्किट तयार करतं आणि बिघाड झाला की बहुतेक वेळा तो बोर्डच बदलावा लागतो.