विमान ओरडतं तेव्हा त्याला काय कळलेलं असतं?

सिम्युलेटरमध्ये एअरबस ए३२० उतरवताना धावपट्टी अगदी पोटाशी आली की 'रिटार्ड, रिटार्ड' असा आवाज येतो. 'विमानाने वैमानिकाला शिवी दिली' अशा मथळ्यांचे व्हिडिओ ढिगाने सापडतील. सोडून द्या. या शब्दाचा मूळ अर्थ 'मंद करा'. साधारण २० फुटांवर आलात, आता थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा, मागे ओढा, एवढंच विमान सांगत असतं.

मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. २० फूट उरलेत हे विमानाला कळलं कसं? हवेच्या दाबावर चालणारं नेहमीचं उंचीमापक इथे कुचकामी. पोटाखाली मैदान आहे की टेकडी, याचा त्याला पत्ताच नसतो.

हे काम रेडिओ अल्टिमीटरचं. ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली एक लहर तो सतत जमिनीकडे सोडतो आणि तिची वारंवारता एकसारखी चढवत नेतो, गवयाने मींड घेत वर जावं तशी. जमिनीवर आपटून लहर परत येते, तोवर इकडचा सूर पुढे सरकलेला असतो. निघणारा सूर आणि परतलेला जुना सूर एकत्र मिसळले की दोघांमधल्या फरकाइतकी तिसरी वारंवारता हाती लागते. शाळेत शिकलेले विस्पंद ते हेच. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की घुमतात ना, तसे. हजार फुटांवरून लहर जाऊन यायला जेमतेम २ मायक्रोसेकंद लागतात. एवढासा वेळ घड्याळ लावून मोजण्यापेक्षा फरकाची वारंवारता मोजणं सोपं. फरक घटत चालला, की जमीन जवळ येतेय.

हा आकडा मिळाला की पुढे नुसती तुलना. उरलेल्या उंचीच्या मानाने विमान फार वेगाने खाली येतंय? 'सिंक रेट'. जमीन पाचशे फुटांच्या आत आली, वेग कमी आहे, तरी चाकं आतच? 'टू लो, गिअर'. परवा मला हे ऐकू आलं, तेव्हा मी चाकांचा दांडा सोडून आवाज बंद करायचं बटण शोधत होतो.

असे इशारे देणारी ही यंत्रणा कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांची. डिसेंबर १९७४मध्ये वॉशिंग्टनजवळ एक बोइंग ७२७ डोंगरावर आदळून ९२ जण गेले, त्यानंतर अमेरिकेत ती सक्तीची झाली. पण तिची नजर फक्त पायाखाली. समोर सरळसोट कडा असेल तर इशारा यायला फार उशीर होतो. म्हणून १९९०च्या दशकात बेटमन यांच्या चमूने विमानात जगाचा उंचसखल नकाशाच भरला. त्यासाठी सोव्हिएत काळातले नकाशेसुद्धा मिळवले. आता पुढचा डोंगर साधारण मिनिटभर आधी कळतो.

गंमत म्हणजे सिम्युलेटरला सुरुवातीपासून नकाशाच पुरतो. लहर नाही, प्रतिध्वनी नाही. विमानाच्या उंचीतून नकाशातली जमिनीची उंची वजा केली, की झालं. खऱ्या विमानाच्या खालून दुसरं विमान गेलं तर रेडिओ अल्टिमीटरचा आकडा क्षणभर दचकतो. माझ्या सिम्युलेटरमधला ढिम्म हलत नाही.