जुना घरमालक खरं बोलायला का कचरतो?

भाडेकरूला जागा देण्याआधी नवा मालक जुन्याला फोन करतो. भाडं वेळेवर यायचं का, शेजाऱ्यांची कुरकुर होती का, डिपॉझिटमधून किती कापलं, हे विचारून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला: ‘याला पुन्हा जागा द्याल का?’ पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, ‘माणूस तसा बरा आहे.’ त्या ‘तसा’चा अर्थ ज्याचा त्याने लावायचा.

भाडेकरू छळवादी असेल तर सध्याच्या मालकाला ब्याद टळायला हवी असते, म्हणून तो तोंडभरून कौतुक करतो. चांगला असेल तर तो जाऊ नये म्हणून हातचं राखून बोलतो. म्हणूनच मुरलेले घरमालक सध्याच्या नव्हे, त्याच्या आधीच्या मालकाला गाठतात. त्याचा आता काही स्वार्थ उरलेला नसतो.

हा तिढा घरभाड्याच्या बाजारात जन्मलेला नाही. इंग्लंडमध्ये घरगड्यांना नवी नोकरी धरताना जुन्या मालकाची चिठ्ठी दाखवावी लागे. तिला ‘कॅरेक्टर’च म्हणत. खोट्या चिठ्ठ्यांना आळा घालण्यासाठी १७९२ मध्ये खास कायदा झाला, दंड २० पौंड. पण चिठ्ठी देण्याची सक्ती मालकावर नव्हती. खोटं लिहिणं गुन्हा, न लिहिणं नाही. गप्प बसण्याची सोय तेव्हापासूनची आहे.

त्याच्या तीनच वर्षं आधी, १७८९ मध्ये, ‘पास्ली विरुद्ध फ्रीमन’ हा खटला गाजला. फ्रीमनने एका तिसऱ्याच माणसाबद्दल ‘खुशाल उधार द्या’ असा निर्वाळा दिला. पास्लीने त्याला किरमिजी रंगद्रव्याची १६ पोती उधारीवर दिली आणि पैसे बुडाले. फ्रीमनच्या खिशात यातून दमडीही गेली नव्हती, तरी जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर भरपाई द्यावी लागेल, असं न्यायालयाने ठरवलं. व्यापारी हबकले असणार. १८२८ च्या कायद्याने पळवाट दिली: उधारी मिळावी म्हणून दुसऱ्याबद्दल दिलेली हमी लेखी आणि सहीची नसेल तर दावा चालणार नाही. तोंडी स्तुती पुन्हा स्वस्त झाली.

उलट बाजूला वाईट बोलण्याची भीती होती, ती बदनामीच्या दाव्याची. १८३४ चा ‘टूगुड विरुद्ध स्पायरिंग’ हा खटला इथे महत्त्वाचा, आणि गंमत म्हणजे त्यात बोलणारा स्वतःच भाडेकरू होता. दुरुस्तीला पाठवलेल्या कारागिराने तळघराचं दार फोडलं आणि तो दारू प्यायला, अशी तक्रार त्याने केली होती. कर्तव्य म्हणून किंवा स्वतःच्या हिताच्या बाबतीत, मनात आकस न ठेवता, योग्य माणसापाशी केलेलं विधान चुकीचं निघालं तरी त्याला संरक्षण आहे, हे तत्त्व या खटल्यातून रुजलं. प्रामाणिक घरमालकासाठी याहून चांगली ढाल नाही. ती आपल्याकडे आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, ही गोष्ट वेगळी.

१९९४ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन’ खटल्यात ही ढाल थोडी पातळ केली. प्रश्न नोकरीच्या शिफारसपत्राचा होता. आकस नसला तरी निष्काळजीपणे लिहिलेल्या पत्राने नुकसान झालं तर जबाबदारी येते, असा निकाल लागला. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ एवढ्यावर थांबणारं कोरडं पत्र कायदेशीरदृष्ट्या सगळ्यात बिनधोक असतं ते यामुळेच. वाचणाऱ्याला मात्र त्यातून काहीच हाती लागत नाही.

दरम्यान आठवणींची जागा नोंदींनी घेतली. भाडेकरूंची माहिती विकणाऱ्या कंपन्या अमेरिकेत १९७० च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’खाली येतात: बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनी वगळायच्या, आणि अहवालामुळे जागा नाकारली तर अर्जदाराला तसं कळवायचं. ऑस्ट्रेलियात अशा कंपन्यांच्या यादीत नाव जास्तीत जास्त तीन वर्षं राहतं. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तर पूर्वीच्या भाडेवादाच्या खटल्यावरून जागा नाकारायलाच बंदी घातली. खटला कोण जिंकलं हे न बघता नुसत्या नोंदीवरून लोक दारातूनच परत पाठवले जात होते.

यातली एक मेख सहज नजरेतून सुटते. अमेरिकेचा तो कायदा माहिती गोळा करून विकणाऱ्यांसाठी आहे. घरमालकाने फक्त स्वतःचा अनुभव दुसऱ्या मालकाला सांगितला, तर तो त्याच्या व्याख्येत बसतच नाही. फोनवरचा तो ‘तसा बरा’ अजूनही कुणाच्या दप्तरात नाही.