दिवाळीचा किल्ला आणि आमच्याकडील उरलेला पुठ्ठा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

साताऱ्यातील पेढ्यांची, कपड्यांची आणि चपलांची दुकाने ज्या खोक्यांतून माल देतात, तशी खोकी आम्ही तयार करतो. कापणीनंतर उरलेल्या पट्ट्या आणि छपाई चुकलेले ताव एरवी गठ्ठे बांधून रद्दीत जातात. दिवाळीच्या आधी मात्र किल्ला करणाऱ्या मुलांसाठी आम्ही ते विनामूल्य बाजूला ठेवतो. पुठ्ठा घरी नेल्यावर तो दुसऱ्याच दिवशी खचला, अशी तक्रार दर वर्षी ऐकू येत असल्यामुळे हे पत्रक काढले आहे.

पुठ्ठा खचतो तो ओल्या मातीमुळे. म्हणून डोंगर नेहमीप्रमाणे दगड, विटांचे तुकडे आणि जुने गोणपाट यांवर माती लिंपून करावा, आणि पुठ्ठा केवळ वरच्या बांधकामासाठी वापरावा. तट जेथे मातीला टेकतो तेथे दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून अंथरल्यास ओल वर चढत नाही.

तीन पदरी पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटवलेला असतो व त्यामुळे आत बारीक नळ्या तयार होतात. तटासाठी पट्टी कापताना या नळ्या उभ्या राहतील असे पाहावे, कारण उभ्या नळ्या भार पेलतात आणि आडव्या असल्यास भिंत वाकते. बुरुजासाठी एका बाजूचा सपाट कागद किंचित ओलसर करून सोलून काढावा, म्हणजे उरलेला पुठ्ठा न मोडता गोल वळतो. तटाच्या माथ्यावर चर्या (दातेरी कठडा) आणि खाली जंग्या (मारा करण्यासाठीची छिद्रे) कापायचे काम मोठ्यांनी करावे, कारण पुठ्ठ्यावरून पाते सहज घसरते. बाकीचे सारे मुलांना करू द्यावे. पुष्कळ घरी किल्ला वडील बांधतात आणि मुले पाणी आणून देतात, असे आमचे निरीक्षण आहे.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ पुरेशी होते. बुकबाइंडिंगच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची रीत आहे, परंतु ते विषारी असल्यामुळे मुलांच्या कामात मुळीच वापरू नये.

कोणता किल्ला करावा हे मुलांनी ठरवावे, मात्र तो आधी पाहिलेला असावा. अजिंक्यतारा शहरातून रोज दिसतो. त्याचा लांबट, सपाट माथा पुठ्ठ्याच्या एकाच तावातून साधता येतो, आणि 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला हे सांगितल्यावर मुले माथ्यावर काय मांडायचे याचा विचार आपणहून करू लागतात. जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी प्रतापगड आपल्याच जिल्ह्यातील आहे. दरवाजा करताना तो समोरच उघडा ठेवू नये. रायगडाच्या महादरवाज्याप्रमाणे दोन बुरुजांच्या वळणाआड तो लपवला, तर शत्रूला सरळ धडक का मारता येत नसे हे हाताने बांधतानाच कळते.

तळ्यासाठी नारळाची करवंटी, मनोऱ्यासाठी कापड गुंडाळायच्या नळकांड्या आणि पायऱ्यांसाठी काडेपेट्या घरातच सापडतात. गतवर्षीचे मातीचे मावळे रंग उडाला तरी पुन्हा उभे करावेत. नवे घेण्याची गरज आम्हाला वाटत नाही. हिरवळीसाठी हळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरावेत. भिजल्यावर ते बुळबुळीत होऊन मातीला चिकटतात, म्हणून उतारावरूनही घसरत नाहीत. पाणी शिंपडून द्यावे, ओतू नये.

पणती पुठ्ठ्यापासून किमान एक हात दूर, सपाट दगडावर ठेवावी. किल्ल्यात फटाके लावून तो उडवण्याची हौस मातीच्या किल्ल्यापुरती ठीक होती; कोरडा पुठ्ठा लगेच पेट घेतो.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडाल तेव्हा माती न लागलेले कोरडे तुकडे आमच्याकडे परत आणून द्यावेत, म्हणजे ते आमच्या गठ्ठ्यांबरोबर कागद कारखान्यात जातील. चिखल लागलेला पुठ्ठा तेथे घेत नाहीत. तो फाडून कुंडीत किंवा खतात घालावा.